माझ्या हाराचा दोरा

आज सकाळी धामापूरच्या तळ्याच्या पायऱ्यांवर एक पाणकावळा फडफडत होता. दोन्ही पायांना नायलॉनचा हिरवा दोरा गुंडाळलेला.

"धर गो तेका टॉवेलात," शेजारचे बाबलकाका म्हणाले. मी धरला, त्यांनी दोरा कापला. दोऱ्यात सुकलेली अबोली अडकली होती.

तो दोरा माझाच. देवीला वाहिलेला हार गेल्या आठवड्यात निर्माल्य म्हणून मीच तळ्यात सोडला होता. आई केळीच्या खोडाच्या सोपटाच्या धाग्याने वळेसर, म्हणजे फुलांची माळ, गुंफायची. मला सोपट भिजवत बसायचा कंटाळा.

पक्षी उडाला. काका म्हणाले, "पाखरू सुटला मा? मगे रडतंस कित्याक?"

त्यांना सांगायचं धाडस झालं नाही, म्हणून इथे लिहितेय. तुमच्या हाराला दोरा कुठला असतो?