पायात जाणवलं तर सांगा

“हेच ते पोरगी. इचीच नस जाळाची हाय आज.”

वॉर्डातल्या मावशी चादर बदलता बदलता शेजारच्या खाटेवरच्या बाईंना सांगत होत्या. मी तीन फुटांवर, हॉस्पिटलचा हिरवा गाऊन घालून बसले होते.

आदल्या दिवशी संमतीच्या फॉर्मची चारही पानं मी वाचली होती. माझं सगळं शिक्षण इंग्रजीतून. ‘रेडिओफ्रिक्वेन्सी अ‍ॅब्लेशन’ हा शब्द आईला नीट म्हणूनही दाखवला होता. पण त्याचा अर्थ जाळणं, हे मला मावशींच्या तोंडून कळलं.

तीन वर्षांपूर्वी वाशिम-मालेगाव रस्त्यावर मी स्कूटीवरून पडले, तेव्हापासून कंबर दुखत होती. गोळ्या झाल्या, पट्टा झाला, व्यायाम झाले. शेवटी वाशिमच्या डॉक्टरांनी समजावलं. मणक्याच्या मागच्या बाजूला छोटे सांधे असतात, ते फॅसेट जॉइंट. त्यांचं दुखणं मेंदूपर्यंत नेणारी बारीक नस उष्णता देऊन बंद करायची.

आमच्या गावात, आसेगावात, आम्ही हे कुणाला सांगितलं नव्हतं. “पोरीच्या कंबरेचं गावभर झालं तं पाहाले पाव्हणे येतीन का?” असं आई म्हणायची. कुणी विचारलं की मी “बरं आहे” म्हणायचे. तोंडाला तीच सवय लागली.

ती किती मुरली होती, ते पहिल्या तपासणीच्या दिवशी दिसलं. नस नेमकी कोणती हे ठरवायला आधी बधिर करणारं इंजेक्शन देऊन बघतात. मी पालथी झोपले. पाठीवर कापूस फिरला. डॉक्टरांनी विचारलं, “कसं वाटतंय?”

“बरं आहे.”

“अजून सुई टोचलीच नाही मी,” ते म्हणाले. नर्स हसली. दाराशी उभी असलेली आई म्हणाली, “तशीच हाय जी ते. सांगतच नाही काही.”

इंजेक्शननंतर मात्र चार तास खरंच दुखलं नाही, म्हणून नस जाळायची तारीख ठरली.

ऑपरेशनच्या टेबलावर दुसरा धक्का बसला. मला भूल देऊन झोपवणार नव्हते. “आम्ही आधी हलका करंट देऊन बघू,” डॉक्टर म्हणाले. “कंबरेत जाणवलं तर चालेल. पायात जाणवलं तर लगेच सांगा. पायाच्या नसेजवळ सुई असेल तर जाळायचं नाही. हे फक्त तुम्हीच सांगू शकता.”

त्या दिवसाला आता आठ महिने झालेत. मी वर्गात उभी राहून शिकवते, बसने जाते-येते. नस पुन्हा वाढली की कधीतरी परत दुखेल, हेही डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलंय. तुमच्यावर ही वेळ आली तर फॉर्ममधल्या प्रत्येक शब्दाचा अर्थ तुमच्या घरच्या भाषेत विचारा. आणि टेबलावर शहाण्या मुलीसारखं वागू नका.

त्या दिवशी टेबलावर पहिल्या दोन सुया नीट झाल्या. तिसरीला करंट दिला तेव्हा डाव्या मांडीतून पोटरीपर्यंत मुंग्यांची रांग उतरली. अगदी बारीक.

“ठीक आहे ना?” डॉक्टरांनी विचारलं.

“बरं” हा शब्द ओठांवर आलाच होता. मागे मशीनचं बटण फिरवल्याचा आवाज आला. मला मावशींचं ‘जाळाची हाय’ आठवलं. डॉक्टरांशी मी तोवर एकही शब्द घरच्या बोलीत बोलले नव्हते.

“थांबा जी,” मी मोठ्यानं म्हणाले, “पायात जाऊन राह्यलं.”