दारावरचा ‘आर’

माझं काम टिकलं ते मुलुंडच्या साइटवरच्या एका मालवणी सुतारकाकांमुळे. तिथे जुन्या दगडी प्रसूतिगृहाचे फ्लॅट होत होते. घेणारे राहायला येणार नव्हते, गुंतवणूक म्हणून घेत होते. पण जुनी सागवानी दारं त्यांना हवी होती. दारांवर लाल रंगात इंग्रजी ‘आर’ काढलेला. मी तोडकामावरचा मजूर, गावाकडे सातवीत शाळा सोडलेला. मला वाटलं, आर म्हणजे रद्द. एक चौकट मी फोडलीसुद्धा. काकांनी धावत येऊन माझा हातोडा धरला.

“अरे झिला, आर म्हणजे रिटेन, ठेवूचा!”

तेवढ्यात इंजिनियर ओरडत आला. आता मला घरी पाठवतात, असं वाटलं.

“मीच सांगलंय तेका, सायबा,” काका म्हणाले. “जोडून देतंय.”

जेवणाच्या सुट्टीत ते चौकट जोडत बसले. प्रत्येक तुकड्यावरून आधी अंगठा फिरवायचे, जखम बघावी तसा. मला इंग्रजी येत नाही, हे त्यांना सांगताना मला रडू आलं.

“माका तर मराठीय वाचूक येना नाय. म्हणून सगळ्यांका विचारतंय. तू कित्याक लाजतंस?”

दुसऱ्या दिवशी मला दुसऱ्या साइटवर पाठवलं. त्यांचं नाव विचारायचं राहूनच गेलं. एक दिवस त्यांना शोधून सही करायला शिकवणार आहे. नाव तेव्हाच कळेल.