दहा मिनिटांचा उजेड

एर्मेलिंदा बायोना हिने लिमात एकवीस वर्षं दार उघडलं. खऱ्या घराचं नव्हे, स्टुडिओतलं, प्लायवूडचं. टीव्हीवरच्या मालिकेत नायक घंटी वाजवायचा, ही दार उघडून "या साहेब, बाईसाहेब वर आहेत" म्हणायची, की तिचं काम संपलं. त्या मालिका मी लिहायचे आणि त्यांचं चित्रीकरणही मीच बघायचे. नायिकांना तीन-तीन नावं द्यायचे. हिच्यासाठी संहितेत "काळी मोलकरीण" एवढंच. देशात काळी माणसं कितीतरी होती, पण आमच्या पडद्यावर ती स्वयंपाकघरातून निघून दारापर्यंतच यायची. विद्यापीठात साहित्य शिकलेली बाई मी, पण मला त्यात काही खटकलं नाही.

एर्मेलिंदा चिंचा शहराजवळच्या एल कार्मेन गावची. रुंद हाडाची, तोंडाने तिखट. नायकांना दारातच छळायची. "साहेब, मागच्या मालिकेत तुम्ही मेला होतात ना? मग बूट पुसून आत या, माती असेल."

एक दिवस ती माझ्या टेबलाशी आली.

"बाई, पेनात शाई उरलीय का?"

"का गं?"

"मी दार उघडते तेव्हा माझी म्हातारी गावात चष्मा शोधत असते. सापडेपर्यंत मी गेलेली. शेजारणी हसतात तिला, म्हणे लेक टीव्हीवर असते तर दिसत कशी नाही? एकदा तिचा चष्मा सापडेल इतका वेळ मला पडद्यावर ठेवा."

मला हसू आलं, पण लिहिलं. मोलकरणीला फेलिसितास नाव दिलं आणि दोन मिनिटांचा प्रसंग: खिडकीपाशी ती नायिकेला आपल्या गेलेल्या मुलीबद्दल सांगते. एर्मेलिंदाने ते कपड्यांच्या खोलीत इस्त्री करता करता पाठ केलं.

आमच्याकडे दिवे नायिकेच्या तोंडावर लावायचे. एकदा लावले की दिवसभर कुणी हात लावायचा नाही. त्या दिवशी मी नियंत्रण कक्षात पडद्यासमोर बसले होते. नायिकेची पापणी न् पापणी दिसत होती. तिच्या शेजारी एक पांढरा ॲप्रन बोलत होता. वर अंधार.

दिवेवाला कासिमिरो धावत आला. "बाई, हिचा चेहराच येत नाहीये. दहा मिनिटं द्या, एक दिवा खाली घेतो."

मी घड्याळ बघितलं. अजून दोन प्रसंग बाकी होते.

"आवाज येतोय ना? मग चला पुढे."

आणि आवाज असा येत होता की माइकवाला डोळे पुसत होता.

तो भाग लागला त्या शनिवारी ती बसने गावी गेली. सोमवारी ॲप्रनची गाठ मारत तिने मला सांगितलं, "आईने तीस माणसांचं कारापुल्क्रा, आमचं बटाट्याचं कालवण, शिजवलं, बाई. टीव्ही अंगणात मांडला. चष्मा दुपारपासूनच नाकावर. मी बोलायला लागले तर म्हणते, आवाज तुझाच गं, पण तोंड कुठंय? शेजाऱ्यांना वाटलं टीव्ही बिघडला. चौघांनी मिळून त्याला थपडा मारल्या."

ती हसली. मीही हसले. मग तिने विचारलं, "तुम्ही तर पडद्यासमोर होतात. तुम्हाला दिसलं नव्हतं?"

"गडबड होती गं."

तिने मान डोलावली आणि दाराआड जाऊन उभी राहिली. घंटी वाजली. दार उघडलं नाही. पुन्हा वाजली.

"एर्मेलिंदा, उघड की!" नायक ओरडला. "इथेच म्हातारा होईन मी!"

"व्हा. आधी कासिमिरोला दिवा खाली घेऊ दे. दहा मिनिटं लागतात."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. कासिमिरो तर शिडीला हात लावून उभा होता. मी नुसतं "घे" म्हणायचं होतं.

मी म्हणाले, "तो ॲप्रन दुसऱ्या कुणाला तरी घाला."

ती दारामागून बाहेर आली. ॲप्रन सोडला, चार घड्या घातल्या, माझ्या संहितेवर ठेवला. "आत्ताच इस्त्री केलीय," म्हणाली, "चुरगळू नका."

पुन्हा स्टुडिओत आली नाही. गावात भोपळ्याची भजी पाकात घालून विकायची, असं कासिमिरोकडून कळत असे. तो जायचा भेटायला. मी नाही.

नऊ वर्षांनी ती वारली तेव्हा मात्र मी तिच्या गावी गेले. तिची आई अजून होती, नव्वदीची, ताठ. मला तिने आपल्या खुर्चीवर बसवलं. मी कोण ते तिला ठाऊक होतं. एर्मेलिंदाने तिला काय सांगितलं होतं आणि काय नाही, हे विचारायचं धैर्य मला झालं नाही.

"फोटो काढून घ्यायचा तिला कंटाळा," म्हातारी म्हणाली. "घरात एक आहे, तोही बाप्तिस्म्याचा. तुमच्याकडे एकवीस वर्षांचं असेल की. एखादा काढून पाठवा, तोंड दिसेल असा."

"पाठवते," मी म्हणाले.

तीन आठवडे मी वाहिनीच्या तळघरात बसून जेवढ्या फिती होत्या तेवढ्या पाहिल्या. हात सापडले. मान सापडली, तबक सापडलं, दाराची कडी सापडली. फेलिसितासचा प्रसंग सापडला, दोन मिनिटं, अंधारासकट. तोंड सापडलं नाही.

म्हातारीला मी पत्र लिहिलं, आगीत सगळ्या फिती जळाल्या म्हणून. तिने उलट माझंच सांत्वन करणारं उत्तर शेजाऱ्याकडून लिहवून पाठवलं: इतक्या वर्षांचं तुमचं काम गेलं, फार वाईट झालं.

आग लागलीच नव्हती. फिती तळघरात आहेत, ओळीने, नंबर घालून.