पाहुण्यांचे कप

दुपारची जेवणं आटोपली की कुमुदकाकूंचा हमखास डोळा लागतो, पण आज काही केल्या नीट लागत नाही. आत सून शलाका भांडी विसळते आहे, तो आवाज येतोय, जातोय. तेवढ्यात समोरच्या सोफ्यावर कुणीतरी टेकतं. काकू डोळे किलकिले करून बघतात. अगंबाई, हे तर आपले हे! दिवाळीच्या आधी गेलेले दिनकरराव. तोच पांढरा शर्ट, केस मात्र ओले.

"कुमुद, चहा टाक. आज चांगल्या कपात दे हं."

काकू शोकेसकडे बघतात. शोकेसमधले सोनेरी काठाचे कप लग्नात आलेले. ते पाहुण्यांचे, घरच्यांनी आपले स्टीलचे पेले घ्यायचे, हा दिनकररावांचाच कायदा!

"अहो, पण ते पाहुण्यांचे ना?"

"मग मी आता कोण?"

ते हसत नाहीत. काकू शोकेसची काच सरकवतात, तर ती एसटीची खिडकी. स्टँडवर चिटपाखरू नाही. गाडी लागलेली आहे, पाटी कोरी, इंजिन घरघरतंय. आत खिडकीशेजारच्या सीटवर दिनकररावांचा चौकड्यांचा रुमाल.

"तुझी जागा धरून ठेवलीय," ते म्हणतात. "चढ लवकर."

काकू चढतात. बाकीच्या सीटा भरलेल्या. प्रत्येकाच्या मांडीवर काहीतरी आहे. कुणाची घडी न मोडलेली पैठणी, कुणाची सील न फोडलेली अत्तराची कुपी. मान कुणीच वर करत नाही.

"हे काय हो घेऊन बसलेत सगळे?"

"ठेवणीतलं. इथे वापरता येत नाही. नुसतं सांभाळायचं."

काकू दाराकडे वळतात. "मला नाही यायचं," त्या म्हणतात आणि त्यांना रडूच फुटतं. "तुमच्यासाठी जीव तुटतो हो माझा, रोज तुटतो. पण त्या कपातून मी अजून घोटभर चहासुद्धा घेतला नाही. मला नाही यायचं!"

दिनकरराव बाहेर बघत राहतात. मग हळूच म्हणतात, "तर मग रुमाल उचल. गाडी हलायच्या आत."

काकू वाकतात. सीट बर्फासारखी गार. घंटी वाजते.

"आई, ओरडलात का?" शलाका ओल्या हातांनी दारात उभी आहे.

काकू सोफ्याकडे बघतात. कुणी नाही. मग स्वतःच्या मुठीकडे बघतात. मुठीत चौकड्यांचा रुमाल आहे, दमट. शेवटच्या दिवशी त्यांनीच तो दिनकररावांच्या खिशात घातला होता, आणि खिशासकट तो जळताना मुलाने पाहिला होता.

काकू रुमालाची घडी उलगडतात, पुन्हा घालतात.

"शलाका, चहा टाक," शेवटी त्या म्हणतात. "शोकेसमधले दोन कप काढ."

"का हो आई? कोणी येणार आहे?"

"येतील गं," रुमाल घट्ट धरून काकू म्हणतात. "ते यायच्या आत आपण पिऊन घेऊ."