शिगेचा चमचा

आमच्या दाजींनी मला फसवलं. मी त्यांना फसवलं असं गल्लीत कुणी म्हणणार नाही, कारण खरी गोष्ट गल्लीला माहीतच नाही, आणि ती माहीत होऊ नये अशी व्यवस्था दाजींनीच करून ठेवली आहे. वीस वर्षं मी परभणीत पिठाची गिरणी आणि मिरचीचं कांडप चालवते. एका जुन्या चक्कीवर सुरुवात केली, आता तीन आहेत. मला येताना पाहून मोंढ्यातला, धान्यबाजारातला अडत्या आधी काटा पुसून घेतो, एवढं नाव मी भांडून कमावलं आहे. अशा बाईला एका निवृत्त, मऊ बोलणाऱ्या, चष्म्याला दोरी बांधणाऱ्या माणसानं फसवावं आणि नेमकं कसं फसवलं हे तिला अजून नीट उमगू नये, हे मला पचत नाही.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. नोकरी एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत. जन्मभर पोरांना परीक्षानळ्या काढून दिल्या आणि फुटलेल्या मोजून घेतल्या. निवृत्त झाले तेव्हा प्रयोगशाळा सुटली, अंगातून मात्र गेली नाही. चहात साखर घालतील तर चमच्यावरून सुरीची पाठ फिरवून, सपाट करून. दोन दाणे जास्तीचे पडले तर ते बोटानं टिपून परत डब्यात. बुद्ध पौर्णिमेला विहारात खीर शिजायची तेव्हा ते खिशातून काचेची नळी काढून पातेल्यात बुडवायचे आणि म्हणायचे, "अजून दहा मिनिटं." पानं मांडून बसलेली माणसं बेजार व्हायची. एकदा एक म्हातारी ओरडलीच, "दाजी, खिरीला ताप आलाय का? आला आसंल तर गोळी द्या, पर आमाला वाढा!" दाजींनी नळी पुसली, परत एकदा पाहिली आणि दहा मिनिटांनीच वाढायला सांगितलं.

या माणसानं निवृत्तीनंतर घरात समुद्र आणला. परभणीत. आमच्याकडं नळाचं पाणी कधी येईल हे सांगता येत नाही, आणि यांच्या बैठकीत पलंगाएवढ्या काचेच्या टाकीत खारं पाणी घुसळतंय! आम्ही मीठ पुडीनं आणतो, हे पोत्यानं. दोन नारंगी मासे, आणि खडकावर प्रवाळ. हे प्रवाळ दगड आहे, झाड आहे की जनावर, हे मी दाजींना निदान पन्नास वेळा विचारलं असेल. ते दर वेळी तेवढ्याच शांतपणे सांगतात, "जनावर हाय. पर घर दगडाचं बांधतंय." मग मी म्हणते, "म्हणजे गवंडीच की!" पहिलं कलम त्यांनी पुण्याहून ट्रॅव्हल्सनं मागवलं होतं. कुणाच्या तरी टाकीतच वाढवलेलं, समुद्रातून ओरबाडलेलं नाही, हे त्यांनी तीन वेळा फोनवर वदवून घेतलं आणि मग थर्माकोलचा डबा उतरवून घ्यायला स्टँडवर असे उभे राहिले की जणू लेक बाळंतपणाला यायची होती.

उन्हाळ्यात पाणी तापू नये म्हणून टाकीत गार बाटल्या सोडाव्या लागत. एका फ्रिजात त्या किती मावणार? मग गल्लीतल्या सात घरांच्या फ्रिजात दाजींच्या बाटल्या. कुणाकडं पाहुणा आला आणि त्यानं बर्फ मागितला तर घरची बाई सांगे, "थांबा, ते माशांचं हाय." लाइट गेली की इन्व्हर्टरवर टाकीचा पंप चाले, पंखा नाही. अक्का पदरानं वारा घेत म्हणे, "मी मासा व्हायला पायजे व्हते."

अक्काच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. टाकीत तिला नुसता उजेड हलताना दिसायचा. दाजी तिला खुर्चीवर बसवून सांगत, हे बघ, हिरवं आहे, फुलकोबीच्या गड्ड्यासारखं, आणि टोकं जांभळी आहेत. दुपारी चारला उमलतं. अक्का म्हणे, "तुमी सांगताय म्हणून हाय म्हणायचं." ऑपरेशनला ती घाबरत होती. शेवटी त्या गड्ड्याच्या जोरावर दाजींनी तिला तयार केलं. "एक डोळा तरी करून घे. घरी आलीस की पयलं हेच बघायचं." आणि अक्का त्यांच्यासोबत नांदेडला निघाली.

चार दिवसांचा मामला होता. घराची चावी, एक चमचा आणि पांढऱ्या भुकटीची बरणी दाजींनी माझ्या हाती दिली. प्रवाळाला दगड बांधायला हा सोडा लागतो म्हणे. "रोज सकाळी एक चमचा. तांब्याभर पाण्यात विरघळव, आणि तास लावून थेंब थेंब सोड." तासभर! गिरणीत दळण घेऊन बाया रांगेत, आणि मी इथं थेंब सोडत बसू?

आता खरी गोष्ट. घेताना शीग आणि देताना सपाट, यावर माझा धंदा उभा आहे. मोंढ्यात ज्वारी घेताना माप भरून वर शीग चढल्याशिवाय मी पिशवीचं तोंड मिटत नाही. गिऱ्हाइकाला पीठ देताना मात्र बोट फिरवते. वीस वर्षांत कुणाला वरचं चिमूटभर पीठ सोडलं नाही. पण त्या सकाळी टाकीसमोर उभी राहिले आणि मनात आलं, अक्का हे बघणार आहे. चांगलं धष्टपुष्ट दिसू दे. आणि मी चमच्यावर शीग चढवली. गिरणीवालीच्या हाताची शीग, चमच्यावर डोंगर. आयुष्यात पहिल्यांदा कुणी न मागता दिली. आणि तांब्या एकदम ओतला. पहिल्या दिवशी काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी गड्डा जरा आकसलेला वाटला, म्हटलं, भुकेला असेल, म्हणून अजून चढती शीग दिली.

तिसऱ्या दिवशी टाकीचं दूध झालं. आधी मला वाटलं, माझ्या लुगड्यावरचं पीठच पडलं. मी लुगडं झटकून पाहिलं, मग बाहेर जाऊन झटकून आले. दूध ते दूधच. दाजींना फोन लावला.

"पांढरं म्हंजे कसं? दुधासारखं का ताकासारखं?"

"दाजी, मी काय चाखून सांगू?"

मग त्यांनी कपाटातली थेंबांची बाटली काढायला लावली. टाकीचं थोडं पाणी नळीत घ्यायचं, थेंब टाकत जायचं, आणि निळ्याचं पिवळं कितव्या थेंबाला होतं ते सांगायचं. जितके थेंब जास्त, तितका पाण्यात सोडा जास्त. एरवी आठव्याला व्हायचं. मी विसाव्याच्या पुढं गेले तरी निळंच.

"सोडा जास्त झाला आसंल तर लिंबू पिळू का? भज्याचं तेच करतो आपण."

"न्हाई! लिंबू न्हाई, काहीच न्हाई. झटक्यात चढलंय, आता झटक्यात उतरवलं तर उरलंसुरलं बी जाईल. आजपासून सोडा बंद. हात खिशात घाल."

"लुगड्याला खिसा कुठंय?"

"मग मागं बांध. मी येतो."

चौथ्या दिवशी दोघं आली. दाजींनी वाटेत अक्काला काहीच सांगितलं नव्हतं. अक्का काळा चष्मा काढत सरळ टाकीसमोर गेली आणि उभी राहिली. काच पदरानं पुसून पाहिली. मग म्हणाली, "अहो, पांढरंच दिसायलंय सगळं. ऑपरेशन वाया गेलं का हो?" आणि रडायला लागली. डॉक्टरनं डोळ्यात पाणी येऊ देऊ नका म्हणून सांगितलेलं.

मी वाटेकडं डोळे लावून तीन उत्तरं तयार ठेवली होती. सपाट असं सांगितलं नव्हतं, हे एक. चमचा तुमचा होता, हे दुसरं. जनावराला माप कळत नाही का, हे तिसरं. पण अक्काचं रडणं पाहून तिन्ही बाजूला ठेवली. मी म्हणाले, "अक्का, डोळा चांगला हाय तुझा. टाकी बिघडलीय. ती मी..."

"मी बिघडवली," दाजी मध्येच म्हणाले. "निघायच्या गडबडीत माझ्याच हातून सोडा जास्त पडला."

अक्का थांबली. डोळे पुसले, दाजींकडं पाहिलं आणि म्हणाली, "जन्मभर दुसऱ्याच्या साखरेवर सुरी फिरवली, आन् स्वतःच्या टाकीला माप न्हाई?" एका डोळ्यानं तिनं त्यांना असं झापलं की आधी दोन डोळ्यांनी कधी झापलं नसेल. दाजी बादली घेऊन मिठाचं पाणी कालवत बसले. रोज एक बादली काढायची, एक घालायची, थेंब मोजायचे. त्यांच्या वहीत त्या दिवशीची नोंद मी चोरून वाचली. "चूक: सूचना अपुरी. जबाबदार: मी." वीस दिवस मी रोज गेले. रोज भांडायला म्हणून गेले आणि रोज बादली उचलून परत आले. समोरचा पहिल्याच भावाला हो म्हणाला की समजावं, आपण फसलो. या माणसानं तर मी भाव बोलायच्या आधीच माल माझ्या पदरात टाकला.

गड्ड्याची एक बाजू पांढरी पडली ती पडलीच. दुसरी जगली. महिन्याभरानं एका दुपारी चारला ती उमलली तेव्हा अक्का खुर्चीवर होती. दाजींच्या गुडघ्यावर हात ठेवून बसली. मी दारातूनच परतले. गिरणीत त्या संध्याकाळी एका बाईला पीठ देताना बोट फिरवायचं विसरले, आणि मग स्वतःवरच चिडले.

अजूनही घरात कुणी आलं की अक्का दाजींची ती चूक रंगवून सांगते. दाजी मान खाली घालून हसतात. मी पोहे खाते. पोहे गोड लागत नाहीत.

परवा दुसऱ्या डोळ्यासाठी दोघं पुन्हा नांदेडला गेली. गावातच लेक-सून वेगळे राहतात, शेजारी आहेत. तरी दाजी सकाळीच गिरणीत आले. दळणाच्या रांगेत उभे राहिले, नंबर आल्यावर पुढं झाले आणि चावी, चमचा, बरणी माझ्या काट्यावर ठेवून गेले. मी म्हटलं, "सपाट का शीग, ते तर लिहून द्या!" ते नुसते हसले आणि रिक्षात बसले. आता मी रोज चमच्यावर सुरीची पाठ फिरवते आणि तास लावून थेंब सोडते. बाया गिरणीत खोळंबतात.

अक्का परत आली की दोन्ही डोळ्यांनी वाचेल, मी लिहिलेलं हेसुद्धा वाचेल. तेव्हा तिच्यासमोरच मला उत्तर पाहिजे, दाजी. चूक माझी होती, ती तुम्ही मला न विचारता का घेतली? आणि घेतलीत ती घेतलीत, चावी पुन्हा माझ्याच हातात कोणत्या हिशोबानं दिलीत?