एमिलचं बोट

आमच्या होर्का गावात समोरून गाडी आली की स्टिअरिंगवरचं एक बोट वर करायचं. हात हलवायचा नाही. हात निवडणुकीला उभे राहिलेले हलवतात. तळहात चाकावर तसाच ठेवून एक बोट. तेवढ्यात सगळं येतं, की तुला बघितलं, बरं चाललंय, मक्याला पाऊस हवा होता.

या कामात एमिल कुद्रनाचा हात धरणारा कुणी नव्हता. ओळखीच्याला एक बोट. ज्याच्या घरी जेवलाय त्याला दोन. विधवा बाई दिसली तर टोपीच्या कडेला हात. माझा नवरा लाडी होता तोवर मला दोन बोटं मिळायची. लाडी गेला आणि एमिलचा हात टोपीला जायला लागला. दोन-तीनदा सोसलं, मग गाडी अडवून म्हटलं, "एमिल, विधवा मी झाले, माझं स्वयंपाकघर नाही झालं. माझी दोन बोटं परत दे." दिली त्याने.

गावाचं पडेल ते काम तोच करायचा. हिवाळ्यात रस्त्यावरचं बर्फ सारायचं, उन्हाळ्यात दफनभूमीतलं गवत कापायचं, पाण्याच्या टाकीचा पंप सांभाळायचा. बायको वारल्यापासून गावाबाहेरच्या शेतघरात एकटा राहायचा. ती जुनी हिरवी पिकअप म्हणजे त्याचे पाय होते म्हणा ना.

तर त्या वसंतात एमिलचं बोट बिघडलं.

आधी टपाल कचेरीतल्या बर्निसला ते मिळालं नाही. ती फणकारली, "माझ्या लग्नात अकॉर्डियन वाजवलं याने, आणि आता ओळख दाखवत नाही!" मग त्याने ग्लेनच्या घरासमोरच्या टपालपेटीला बोट उचललं. आणि पुढच्या आठवड्यात माझ्या स्ट्रॉबेरीच्या वाफ्यातल्या बुजगावण्याला टोपीला हात लावून नमस्कार केला. ग्लेनचा गावात बार आहे. तिथे हसून हसून लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं. "ल्युमी, तुझं बुजगावणं विधवा कधी झालं गं?" ग्लेनने मला विचारलं.

पण पत्त्यांच्या डावात एमिल चौकटच्या जागी बदाम टाकायला लागला, आणि नंतर खेळायला येणंच त्याने सोडलं, तेव्हा हसणं थांबलं. लोक कपाळाशी बोट नेऊन मान हलवायला लागले. एमिलचं डोकं गेलं, असं ठरलं. कुणीतरी शहरात, ओमाहाला, त्याच्या मुलीला आर्डिथला फोन केला. तिने मला केला.

"मावशी, मी रविवारी येऊन बाबांना घेऊन जाते. इथे एक जागा बघितलीय. विसरभोळ्या म्हाताऱ्यांची. दारं बाहेरून बंद असतात, म्हणजे कुणी हरवत नाही. तुम्हाला काय वाटतं?"

"ये तू," एवढंच म्हटलं मी. कारण त्याच दिवशी सकाळी मी लाडीचा कोट दोरीवर उन्हात टाकला होता, आणि एमिल जाता जाता त्या कोटाला दोन बोटं देऊन गेला होता. मी इकडे ओसरीवर उभी होते; माझ्याकडे बघितलंही नाही. लाडी मेलाय हेही हा विसरला, असं वाटलं मला.

शनिवारी तो कॉफीला आला. मी कोलाचे, आमच्याकडचे खसखस भरलेले गोड पाव, भाजले होते. म्हटलं, त्या बंद दाराआड कोण देणार याला गरम कोलाचे. बसला आणि म्हणाला, "लाडीला जाऊन या महिन्यात चार वर्षं होतील ना गं? दफनानंतरच्या जेवणाला तुझ्या सुनेने हॅम जाळलं होतं. पाद्रीबाबांनी दोनदा मागून घेतलं, बिचाऱ्यांनी."

मी कपात कॉफी ओतता ओतता थांबले. हा तर लाडीचं मरण सोडा, जळकं हॅमसुद्धा विसरला नव्हता.

आता एक सांगायला हवं. एमिल आणि मी शाळेत एका बाकावर बसायचो. मी सहावीनंतर बीट उपटायला गेले, तो आठवीपर्यंत टिकला, आणि त्या दोन वर्षांचा तोरा त्याने जन्मभर मिरवला. तोरा मिरवला की मी जीभ काढायची आणि त्याने उलट काढायची, हे आमचं तेव्हापासून चालू. चर्चमध्येसुद्धा.

मी समोर बसले आणि चांगली हनुवटीपर्यंत जीभ काढली. एमिल माझ्याकडे तोंड करून शांत कोलाचे खात राहिला.

"एमिल, मी आत्ता काय केलं?"

"काय केलंस? कॉफी ओतलीस."

"जीभ काढली."

त्याचा घास तोंडातच राहिला.

"किती दिसतं?" मी विचारलं.

"दिसतं गं. दुधातून बघितल्यासारखं."

"आणि माझ्या दोरीवरच्या कोटाला बोटं दाखवलीस ती?"

"कोट होता तो? मला वाटलं तू. त्या दोरीपाशी दुसरं कोण असणार?"

मला हसू आलं आणि रागही आला. "आणि असा तू गाडी चालवतोस!"

"रस्ता पाठ आहे मला."

"रस्त्यावरची पोरं पाठ आहेत का? ग्लेनची नात सायकल शिकतेय. किल्ली ठेव टेबलावर."

ठेवली. मग हळूच म्हणाला, "गाडी गेली की आर्डिथ मला नेणार. डॉक्टरला सांगितलं असतं तरी तेच. माझ्या बाबांचं माहीतय ना तुला? आंधळे झाले आणि शेगडीपाशी बसून कोण आलं, कोण आलं, विचारत गेले."

"आणि लोक म्हणतात तुझं डोकं गेलं, ते चाललं तुला?"

"डोकं गेलेल्याला लोक खायला तरी आणून देतात," म्हणाला आणि आणखी एक कोलाचा उचलला. चाचपून.

मी आर्डिथला फोन लावला. "अगं, बापाचं डोकं जागेवर आहे तुझ्या, होतं तेवढं. डोळे गेलेत. दारं बंद करण्याआधी डोळे उघडून बघ त्याचे." पोर फोनवरच रडायला लागली.

सोमवारी तिने त्याला लिंकनला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. दुपारी आम्ही सगळे ग्लेनच्या बारमध्ये, बिअर समोर तशीच. फोन वाजला. एमिल स्वतःच ओरडत होता, डोळे आणि कान एकच असल्यासारखा.

"मोतीबिंदू! दोन्हीकडे! पिकलेत म्हणतो!"

"मग?"

"काढतो म्हणतो. आधी एक, मग दुसरा. दिसेल म्हणतो, ल्युमी." मग जरा थांबून, "बाबांनाही हेच होतं का गं? कुणी विचारलंच नाही."

मी फोन ठेवून सांगितलं, तेव्हा बारमध्ये कुणी खुर्ची आपटली, कुणी देवाचं नाव घेतलं. बर्निस डोळे पुसत म्हणाली, आपण रागावलो नव्हतोच कधी.

पहिल्या डोळ्याची पट्टी निघाल्यावर एमिल माझ्याकडे आला, आर्डिथच्या गाडीतून. दारात उभा राहून बघतच राहिला. "तुझं स्वयंपाकघर पिवळं आहे? आणि ल्युमी, तू केवढी म्हातारी झालीस!"

"आरशात बघितलंस?"

"बघितलं. म्हणूनच बरं वाटलं, सोबत आहे."

दुसरा डोळाही झाला. डॉक्टरने गाडी चालवायला हरकत नाही असं लिहून दिलं, तेव्हा टेबलावरची किल्ली मी त्याला दिली. पण माझा जीव भांड्यात पडेना. दुसऱ्या दिवशी सकाळी लाडीचा कोट पुन्हा दोरीवर टाकला आणि मी लांब, आलुबुखारच्या झुडपांमागे जाऊन उभी राहिले.

हिरवी पिकअप आली. वाऱ्याने कोटाची बाही नेमकी उचलली गेली, अगदी बोलावल्यासारखी. एमिलचं बोट हललं नाही. गाडी दोरी ओलांडून पुढे आली, झुडपांच्या समोर हळू झाली, आणि दोन बोटं वर झाली. खिडकीतून जीभही बाहेर आली.

मी उलट जीभ काढली, मग कोट काढायला गेले. घडी घालताना त्याच्या खांद्यावरून हात फिरवला. आज तुला नाही मिळालं बाबा, म्हटलं, आणि बरं झालं.