दोन युनिट, खाताना बघितलं

कुमुदताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी कॉलेजच्या लॅबमध्ये होते. प्रॅक्टिकल चालू होतं, मोबाइल पिशवीत थरथरत होता, सर बघत होते. तीन वेळा मी तो तसाच वाजू दिला. चौथ्या वेळी मात्र बाहेर जाऊन घेतला. खालच्या मजल्यावरच्या शेख भाभी होत्या. "प्रणाली, ताई गेल्या गं... खुर्चीत बसल्या बसल्या. मी दुपारचं चिकन घेऊन वर आले, तर..." आणि मी काय विचारावं? "ट्रंकने खाल्लं का?" ट्रंक म्हणजे ताईंचा बोका. भाभी म्हणाल्या, "नाही. त्यांच्या पायाशी बसून आहे. वाटीकडे बघतसुद्धा नाही." माणूस गेल्याचं कळल्यावर आपण पहिला प्रश्न मांजराच्या जेवणाचा विचारला, याची मला पुढे बरेच दिवस लाज वाटत राहिली. आता थोडी कमी वाटते. ती का कमी झाली, तेच इथे सांगायचा प्रयत्न करते. मला लिहायची सवय नाही, तेव्हा कुठे चुकलं तर समजून घ्यावं.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावातून पुण्याला बी.सी.ए. करायला आले. बाबा कापसाच्या जिनिंगमध्ये हमाली करतात. कॉलेजचं तोंड पाहिलेली आमच्या घरातली मी पहिलीच. बिबवेवाडीत ताईंच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये मला राहायला जागा मिळाली. पहिल्या दिवशी मी त्यांना काकू म्हटलं, तर म्हणाल्या, "तुझ्या काकांना मी ओळखत नाही. ताई म्हण." त्या टेलिफोन ऑपरेटर होत्या. पुढे लोक आपले आपण नंबर फिरवायला लागले, मशिनं आली आणि ताईंनी स्वेच्छानिवृत्ती घेतली. लग्न केलेलं नव्हतं. डोळे अधू झाले होते आणि हातही कापायचा, पण आवाज असा की फोनवर समोरचा माणूस आपोआप सरळ बसत असावा. बोक्याचं नाव ट्रंक, कारण "हाक मारली की अर्ध्या तासाने लागतो. ट्रंक कॉलसारखा." मी त्यांना सुरुवातीला फार घाबरायचे. तशी मी सगळ्यांनाच घाबरायचे. वर्गात काही कळलं नाही तरी विचारायची नाही. विचारलं की आपल्याला येत नाही हे सगळ्यांना कळतं, असं वाटायचं.

दुसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला ट्रंक खूप पाणी प्यायला लागला. भरपूर खायचा, तरी पाठीचं हाड हाताला लागायला लागलं. मग एके दिवशी गॅलरीतल्या त्याच्या वाळूच्या घमेल्यात मुंग्यांची रांग दिसली. मी ती ताईंना सांगितली. त्या उठून उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "माझ्या आईचं असंच कळलं होतं. रिक्षा बोलाव." डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि मधुमेह आहे म्हणून सांगितलं. दिवसातून दोनदा इन्सुलिन, बारा तासांच्या अंतराने, आयुष्यभर. ताईंनी विचारलं, "कुणाच्या आयुष्यभर? माझ्या की त्याच्या?" डॉक्टर हसले, ताई हसल्या नाहीत. सिरिंजवरच्या त्या बारीक रेघा ताईंना दिसणं शक्य नव्हतं. भाभींना सुई बघूनच घेरी यायची. राहिले मी.

पहिला आठवडा माझा हात ताईंपेक्षा जास्त कापला. बाटली हलवायची नाही, दोन तळव्यांत हळू फिरवायची. रेघेपर्यंत औषध ओढायचं, बुडबुडा घालवायचा, मानेमागची कातडी चिमटीत उचलायची आणि तिथे टोचायचं. एकदा सुई कातडीच्या आरपार गेली आणि औषध सगळं केसांवर सांडलं. ताई फ्रिजशेजारच्या वेताच्या खुर्चीत बसायच्या आणि ऐकायच्या. त्यांचा एक नियम होता. टेलिफोनच्या बोर्डावर असताना माणसाने नंबर सांगितला की त्या तो परत म्हणायच्या, मगच जोडायच्या. इथेही तसंच. मी मोठ्याने म्हणायचं, "दोन युनिट. खाल्लंय." मग त्या म्हणायच्या, "जोडते." तेव्हाच मी टोचायचं. सकाळी सात आणि संध्याकाळी सात, देवापाशी दिवा लावून झाला की लगेच. बाबांना हे फोनवर सांगितलं तर ते म्हणाले, "मांजराले बी साखर होते काय? अन् तू तिथं शिकाले गेली का मांजर पाहाले?" मी म्हटलं, दोन्ही. ते बराच वेळ हसत होते.

ताईंनी घरातून साखर हद्दपार केली. ट्रंक चहाच्या बशा चाटायचा, म्हणून आमचा चहासुद्धा बिनसाखरेचा. जिन्यात भेटणाऱ्या प्रत्येक शेजाऱ्याला ताकीद होती. एकदा वरच्या जोशी आजोबांनी त्याला पेढ्याचा तुकडा दिला, तर ताई म्हणाल्या, "आजोबा, एवढं प्रेम असेल तर इंजेक्शन द्यायला या." आजोबा पुन्हा वाटेला गेले नाहीत. फक्त देवापुढच्या वाटीत खडीसाखर असायची. तिचं कसं काय, असं मी एकदा भीतभीत विचारलं. त्या म्हणाल्या, "देवाची तपासणी अजून झालेली नाही."

मग एक एकादशी आली. ताईंचा उपवास. त्या दिवशी घरात चिकन चालायचं नाही. एरवीच्या एकादशीला भाभी ते खाली शिजवून ट्रंकला खालीच भरवायच्या, पण त्या लोणी काळभोरला माहेरी गेल्या होत्या. ताईंनी ट्रंकला थोडं दही दिलं. मी संध्याकाळी सातला आले तेव्हा वाटी स्वच्छ रिकामी होती आणि ताई डोळे मिटून देवापुढे जप करत होत्या. जपाला बसलेल्या माणसाला हाक मारायची नाही, असं मला लहानपणापासून शिकवलेलं. मी मनातल्या मनात म्हटलं, दोन युनिट, खाल्लंय. आणि मनातल्या मनातच त्यांचं "जोडते" ऐकलं... आणि टोचलं.

आठ वाजून गेले असतील. मी अभ्यासाला बसले होते. ताई खुर्चीतून म्हणाल्या, "त्याची नखं ऐक. चाल चुकतेय." मी वळून पाहिलं तर ट्रंकचे मागचे पाय फरशीवरून घसरत होते, तोंडातून लाळ गळत होती. ताईंनी एवढंच विचारलं, "खाल्लं होतं?" मी म्हटलं, "वाटी रिकामी होती." त्या म्हणाल्या, "त्याने दह्याला तोंड लावलं नाही. वाटी मी धुऊन ठेवली." घरात साखरेचा दाणा नव्हता. त्या उठल्या, भिंतीला हात लावत देवापाशी गेल्या आणि देवापुढची खडीसाखर मला दिली. "कूट. पाण्यात विरघळव. बोटाने हिरड्यांना लाव. घशात ओतू नकोस." माझं बोट त्याच्या दातांना लागत होतं आणि तो चावतसुद्धा नव्हता. तशीच रिक्षा केली. रिक्षात मी बोटाने साखर लावत होते आणि ताई त्याच्या छातीवर हात ठेवून मोठ्याने श्वास मोजत होत्या.

ट्रंक वाचला. सलाईनच्या पट्टीसकट आम्ही त्याला घरी आणलं. दारातच मी म्हटलं, "ताई, उद्यापासून मी नाही टोचणार. दुसरं कुणीतरी बघा." त्यांनी आधी चपला काढल्या, जागेवर ठेवल्या. मग म्हणाल्या, "नव्या माणसाला हीच चूक नव्याने करावी लागेल. तुझी करून झाली आहे." मी रडायला लागले. त्या खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, "मी एकदा एका घरचं माणूस गेल्याची बातमी दुसऱ्याच घरी जोडली होती. नंबर परत म्हणायचा नियम तेव्हाही होता, मी घाईत म्हटला नव्हता. तिथे फोन उचललेल्या बाईचा आवाज मला अजून ऐकू येतो. पण दुसऱ्या दिवशी आठला मी बोर्डावर होते." मग म्हणाल्या, "जप मोडला तर देव काही बोलत नाही. हाक मार. आणि खाल्लंय म्हणू नकोस, खाताना बघितलं म्हण. डॉक्टर हो म्हणाले की पुढचं इंजेक्शन तूच द्यायचं."

दिलं. दोन दिवसांनी, डॉक्टरांना विचारून. त्यानंतर जवळजवळ दीड वर्ष एकही वेळ चुकवली नाही. वर्गातही एक दिवस हात वर केला आणि म्हटलं, सर, हे मला कळलं नाही, परत सांगाल का? मागच्या बाकावरून दोघी म्हणाल्या, बरं झालं विचारलंस.

ताई गेल्या त्या दिवशी मी लॅबमधून घरी पोचले तेव्हा वारज्याहून ताईंचा भाचा आणि नातेवाईक आले होते. सगळं आवरेपर्यंत सहा वाजून गेले. ट्रंकने दुपारपासून काही खाल्लं नव्हतं. खाल्लं नाही तर सुई नाही, आणि सुई फार काळ टाळताही येत नाही. मी वाटी घेऊन त्याच्या मागे फिरत होते. एक बाई म्हणाल्या, "इथे माणूस गेलंय आणि हिला मांजराचं पडलंय." मी त्याला उचलून खाली भाभींकडे नेलं. डॉक्टरांना फोन करून विचारलं, उशीर झाला तर चालेल का. चालेल म्हणाले. भाभी आणि मी त्यांच्या स्वयंपाकघरात जमिनीवर बसून राहिलो. साडेसातनंतर केव्हातरी त्याने वाटी हुंगली, एक तुकडा उचलला, मग दुसरा. आम्ही दोघींनी तो शेवटच्या तुकड्यापर्यंत खाताना बघितला. मी म्हटलं, "दोन युनिट. खाताना बघितलं..." आणि तेव्हा कुठे मला कळलं की पुढचा शब्द आता येणार नाही. त्याच सकाळी सातला तो शब्द आला होता. तोच त्यांचा माझ्याशी बोललेला शेवटचा.

भाचा भला माणूस. मांजर एखाद्या संस्थेत देऊ, म्हणाला. मी म्हटलं, माझ्याकडे राहील. मग खोली शोधायला लागले. फोन केला की आधीच विचारायची, फ्रिज आहे का, मांजर चालेल का. एकाने विचारलं, "मांजर, आणि वर साखरेचं?" आणि फोन ठेवला. मी पुढचा नंबर लावला. शेवटी वारज्यातल्या एका आजींनी विचारलं, "चावतं का?" मी म्हटलं, नाही. "मग या."

मागच्या रविवारी इथे आले. भाच्याने वेताची खुर्ची मला दिली. ती फ्रिजशेजारी ठेवली आहे. तिच्यावर मी बसत नाही, ट्रंकही बसत नाही. सकाळी सातला मी बाटली तळव्यांत फिरवते, रेघेपर्यंत औषध ओढते आणि खुर्चीकडे तोंड करून मोठ्याने म्हणते, "दोन युनिट. खाताना बघितलं." मग "जोडते" म्हणायला जेवढा वेळ लागायचा, तेवढी थांबते... आणि टोचते.